प्लेगातली हजेरी

प्लेगची बातमी आली आणि दोन दिवसांत सुरतच्या लिंबायतमधली अख्खी गल्ली गाठोडी बांधून आपापल्या गावी, खानदेशात पळाली. जयश्री तेवढी राहिली, कारण तिची दहा महिन्यांची मयुरी तापाने फणफणली होती. दवाखान्यासाठी गाडी मागायला ती आमदार रघुनाथअण्णांच्या बंगल्यावर गेली, तर फाटकाला मुठीएवढं कुलूप! शेवटी पोरीला छातीशी धरून चालत गेली. पोर वाचली ती नशिबाने.

पाच महिन्यांनी निवडणूक आली आणि परतलेल्या गल्लीत सभा भरली. अण्णांचा पक्ष नवा होता, आवाज तोच.

"सगळे पळाले, पण मी लिंबायत सोडली नाही! दारोदार गोळ्या वाटल्या! तेव्हा इथं जे कोणी होतं, त्याने उठून सांगावं!"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. जयश्री उठली. शेजारच्या मंगलाबाईने तिचा पदर ओढला, "बस ना वं माय, कशाला त्याच्या नादी लागतेस?"

"मी इथंच होते, अण्णा, आणि तुमच्या बंगल्याला..."

"शाब्बास!" अण्णा माईकवर गरजले. "बघा, साक्षीदार! ताईंना हार घाला रे!"



तिचं पुढचं वाक्य टाळ्यांच्या कडकडाटात बुडालं, आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते ते गावाला पळून गेलेले.