मागची मोटारसायकल

"काका, क्लच हळू सोडा. आपल्या मागे कुणी लागलेलं नाहीये," मॅडम म्हणाल्या, आणि सवयीने आरशात पाहिलं.

निळं हेल्मेट आजही मागे होतं.

काकांनी चौकातच गाडी बंद पाडली. मागची मोटारसायकलही थांबली. ना हॉर्न, ना शिवी. शिकाऊ गाडीच्या मागे एवढा धीर धरणारा माणूस ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मॅडमनी आजवर पाहिला नव्हता.

हे सगळं निवडणुकीचा अर्ज भरल्यापासून सुरू झालं होतं. त्यांच्या वॉर्डात नगरसेवकासमोर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. मागच्या निवडणुकीला एक मास्तर उभे राहिले, तर भर रस्त्यात सळयांनी त्यांचा गुडघा फोडला. पाहिलं सगळ्यांनी, साक्षीला कुणीच गेलं नाही. या वेळी एका बैठकीत मॅडम बोलून गेल्या, "एकच नाव असेल तर मतं द्यायची कशाला?" बोलल्या, म्हणून उभ्या राहिल्या.

नगरसेवक भेटला की हसून हात जोडायचा. बाकी काही नाही. धमकी नाही, फोन नाही. फक्त हे निळं हेल्मेट. आणि ते नसलं की एक जाडसर बाई, हातात पिशवी, पिशवीत काहीच नाही.

"आता बायकाही पाठवायला लागले," नवरा म्हणाला. त्याला हसू आणायचं होतं, ते आलं नाही.

एकदा सकाळी मॅडम गाडीचं दार उघडत होत्या, तेवढ्यात हेल्मेटवाला जवळ आला. हेल्मेटची काच वर न करताच म्हणाला, "मॅडम, मागचं चाक बसलंय. अशी काढू नका, लागेल कुठेतरी." आणि निघून गेला. मॅडम तडक पोलीस चौकीत गेल्या.

"त्यानं काही केलं का?" हवालदाराने विचारलं.

"नाही. चाक बसलंय म्हणाला."

"बसलं होतं का?"

"हो."

"मग तक्रार काय लिहू? माणूस खरं बोलला, अशी?"

मॅडम परत आल्या. चाकातून खिळा निघाला. तो कुणी ठोकला, की रस्त्यावरच लागला, काही केल्या समजेना.

नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. एका संध्याकाळी तो घरी आला तो शर्ट न बदलता खुर्चीतच बसून राहिला.

"ती बाई आली होती," तो म्हणाला. "खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. म्हणाली, मॅडमचा आवाज बसलाय, त्यांच्यासाठी पण न्या. जपा म्हणावं त्यांना."

"जपा म्हणजे?"

"मला काय विचारतेस? जपा म्हणजे जपा. नाहीतर मग... तू सांग."

दोघांनी त्या एका शब्दाचा इतका कीस पाडला की शेवटी त्याला काही अर्थच उरला नाही. गोळ्यांचं पाकीट मात्र कुणी उघडलं नाही. सभेत मॅडम बोलायला उभ्या राहत तेव्हा समोरची माणसं ऐकत असत आणि मॅडमची नजर गर्दीत निळं काही दिसतंय का, ते शोधत असे. वाक्यं अर्धवट सुटायची. लोकांना वाटायचं, बाई नवीन आहे.

मग एक दिवस मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकता टाकता म्हणाली, "आई, रिक्षावाले काका आज आलेच नाहीत. मी चालत आले. एक हेल्मेटवाले काका मागून येत होते. दारापाशी म्हणाले, आईला सांग, नीट पोचले."

मॅडमनी तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली.

अर्ज मागे घ्यायचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस होता. निवडणूक कार्यालयातल्या कारकुनाने सही घेतली, शिक्का मारला.

"दोघांचेच तर अर्ज होते," तो खाली मान घालून म्हणाला. "म्हणजे आता मतदान नाही. बिनविरोध."

मॅडम बाहेर आल्या. पायऱ्यांखाली मोटारसायकल घेऊन निळं हेल्मेट उभं होतं. शेजारी ती बाई. मॅडमच्या पायातली भीती एकदम डोक्यात गेली.

"घेतला मागे!" त्या ओरडल्या. "जा, सांग तुझ्या साहेबाला! आता माझ्या मुलीच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस!"

त्याने हेल्मेट काढलं. आत एक साधा, दाढी वाढलेला, बावरलेला चेहरा होता.

"कुठले साहेब?" त्याने विचारलं.

बाई मॅडमकडे बघत खालच्या पायरीवर बसली. "मागे घेतलात?" ती म्हणाली. "मॅडम, आम्ही तुमच्या मागच्या गल्लीतले. तुम्हाला एकटीला कुणी गाठू नये म्हणून सगळ्या गल्लीनं पाळ्या लावल्या होत्या. तुमच्या घरातलं माणूस बाहेर पडलं की आमच्यातलं एक मागे."

मॅडम दोन पायऱ्या खाली उतरल्या.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

तो हातातल्या हेल्मेटकडे बघत राहिला.

"म्हटलं, कळलं तर उगाच घाबराल."