हँडल धाकटीकडे

थोरलीने सॉसचे टोमॅटो दोन दिवस आधीच तोडले. मागच्या अंगणातल्या नऊ झाडांवर औषधालासुद्धा एक ठेवला नाही. लांबुळके, गरदार, बिया अगदी नावाला. खास सॉससाठी लावलेले. काही देठापाशी अजून हिरवे होते. एरवी असा टोमॅटो कुणी तोडला असता, तर थोरलीने त्याचा हात शाबूत ठेवला नसता. पण धाकटी जाऊ परवा लेकाकडे राहायला जाणार होती, कायमची. त्याआधी सॉसचा दिवस व्हायलाच हवा होता.

टोमॅटो उकडून फुटले तसं तिने मशीन टेबलाच्या कडेला घट्ट आवळून बसवलं. वरून टोमॅटो घालायचे, बाजूचं हँडल फिरवायचं. एका तोंडातून गर येतो, दुसऱ्यातून सालं आणि बिया. मशीन सासूबाईंचं. घराची वाटणी झाली त्या दिवशी दोघी जावा त्याच्यावरून अशा हट्टाला पेटल्या, की सासऱ्यांनी वैतागून पाना आणला, हँडल सोडवलं आणि म्हणाले, "मशीन थोरलीला, हँडल धाकटीला. आता बसा!" मध्ये भिंत आली. पण एकटीने सॉस करायची सोय काही कुणाला राहिली नाही.

थोरली भिंतीपाशी गेली. "अगं ए! हँडल आणतेस, की आमंत्रणपत्रिका छापून घेऊ?"

पलीकडे बादली उपडी घातल्याचा आवाज झाला. धाकटी बुटकी, भिंतीवरून बोलायचं तर तिला बादलीवर चढावं लागायचं. डोकं वर आलं. केस चापूनचोपून बसवलेले, कानात बाहेर जायचे डूल.

"सॉस करायला एवढा नट्टापट्टा?"

"जाऊबाई, टेंपो आजच आलाय. परवाचा मिळत नाही म्हणे. लेक सामान चढवतोय."

"आणि माझे टोमॅटो?"

"तुमचे टोमॅटो टेंपोत नाही मावायचे."

दोघी हसल्या. थोरलीचं हसू आधी संपलं.

"एक पातेलंभर तरी फिरवून जा गं. अर्धा तास."

पुढच्या दारात हॉर्न वाजला. लगेच परत वाजला. धाकटीने टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं हँडल भिंतीवरून पुढे केलं. "हे घ्या."

"संध्याकाळी धुऊन परत देते..." थोरली सवयीने बोलून गेली आणि मध्येच थांबली.

"परत कशाला? ठेवा तुमच्याकडेच. तिथे चौथ्या मजल्यावर मी काय फिरवणार? लिफ्टसुद्धा बटणावर चालते." धाकटीने नाक ओढलं. "एवढी वर्षं डोळा होता ना हँडलवर? जिंकलात."

"मग! मी सोडते होय."

"आणि मीठ बेताने. तुमचा हात सैल आहे."

"तू जा. तुझा टेंपो ओरडतोय."

डोकं भिंतीआड गेलं. थोड्या वेळाने हॉर्नही थांबला.

हँडल पहिल्या फटक्यात बसलं, जसं काही कधी निघालंच नव्हतं. थोरलीने ते आजवर एकदाही फिरवलं नव्हतं. ती घालायची, धाकटी फिरवायची. आता तिने उजव्या हाताने फिरवलं, डाव्याने घातलं. फिरवावं तर घालायचं राहतं, घालावं तर हँडल थांबतं. त्यात टेबल चालायला लागलं. हे एक तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, की फिरवताना धाकटी टेबलाच्या आडव्या पट्टीवर एक पाय दाबून उभी असायची. तिने पाण्याचा भरलेला कॅन पट्टीवर ठेवला. टेबल थांबलं. रस कोपरापर्यंत आला. कपाळावरचे केस मागे सारायला हात उरला नाही, म्हणून ते तसेच डोळ्यांवर राहिले.

गर शेगडीवर चढला. ती ढवळत राहिली, उलथन्याने तळाशी ओढलेली रेघ भरून येईनाशी होईपर्यंत. मग मीठ घातलं. चमच्यावर घेऊन चाखलं.

"खारट झालाय," ती मोठ्याने म्हणाली.

दरवर्षी हे धाकटी म्हणायची आणि थोरली तिच्यावर तुटून पडायची. आज स्वयंपाकघरात नुसता सॉस रटरटत होता.

बाटल्या भरता भरता सवयीने तिच्या हातून दोघींच्या दोन रांगा झाल्या. तिने त्या पाहिल्या आणि सरकवून एकच रांग केली.

दुपार कलली. तिने मशीन उघडलं, धुतलं. मग पाना घेऊन हँडल सोडवलं. आट्यांमधली सालं टूथब्रशने काढली, कोरडं पुसलं, त्याच टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलं आणि भिंतीपाशी गेली. पलीकडे दारं-खिडक्या बंद होत्या. बादली भिंतीला लागून उपडीच होती.

तिने हँडल भिंतीवर ठेवलं. जरा विचार करून ते फिरवलं, मूठ पलीकडच्या बाजूला येईल असं.