एकाच तिकिटात दोघं

“मला दिसतंय निम्मं, मग तिकीट अर्धं का नाही?” सुताराच्या बायकोनं खिडकीतल्या मुलीला विचारलं.

“अर्धं तिकीट लहान मुलांना, मावशी.”

“मग म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण म्हणतात, ते नुसतं म्हणण्यापुरतंच का?”

मुलगी हसली, पण तिकीट काही कमी झालं नाही. सुतारानं खिशावर हात ठेवला. एकाचं तिकीट काढलं तर परतीच्या भाड्याला धक्का लागत नव्हता. दोघांचं काढलं असतं तर घरी चालत जावं लागलं असतं.

परवा डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिच्या डोळ्यांवर आता उपाय नाही. अंधार नाही होणार, सगळं पांढरं होत जाईल. कधी, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. तेव्हापासून दोघांनी हे महागडं शहर जवळजवळ फुकटात लुटायला घेतलं होतं. बसचा दिवसभराचा पास काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकीत बसून गेले. एका झगमगीत दुकानातल्या मऊ कोचावर चांगला अर्धा तास टेकले. तिथल्या माणसानं “काय दाखवू?” म्हणून विचारलं, तर बायको म्हणाली, “दाखवा सगळं. घ्यायचं काही नाही.”

आणि आता शेवटचा, वरून सगळं शहर दाखवणारा हा मनोरा. टोक बघायला सुतारानं मान मोडेस्तोवर वर केली, पण टोक काही दिसलं नाही. उंचीच तेवढी असेल, असं त्याला वाटलं.

“तू जा,” तो म्हणाला. “तुलाच बघायचं होतं.”

“मी बघितलेलं किती दिवस पुरणार? तुम्ही बघा आणि मला येऊन सांगा. पुढं सगळं तुम्हीच सांगायचंय. आत्तापासून सवय लागू दे.”

“मला कुठं सांगता येतं?”

ते मात्र खरं होतं. देवानं त्याच्या हातात जेवढं घातलं, तेवढं जिभेवरून काढून घेतलं होतं. भाचीच्या लग्नाला चार दिवस राहून आला, आणि कसं झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, “बरं झालं.” झालं, संपलं लग्न!

खिडकीतल्या मुलीनं तिकीट पुढं केलं आणि बाजूच्या पाटीकडे बोट दाखवलं. “ते वाचलंत ना?”

सुतारानं बायकोकडे पाहिलं. घरात वाचायचं काम पहिल्यापासून तिचं. त्याला आकडे तेवढे येत. ती पाटीपाशी गेली, नाक टेकेल इतकी जवळ, आणि परत आली.

“काही नाही. वेळा लिहिल्यात,” ती म्हणाली. मग मुलीला म्हणाली, “वाचलं, बाई, वाचलं.”

लिफ्टमध्ये सुताराचे कान गच्च झाले. दार उघडलं आणि तो बाहेर आला. समोर पांढरं. डावीकडे पांढरं. तो काचेकाचेनं पुरा वळसा घालून आला. चारही बाजूंना धुकं, दुसरं काही नाही.

एक झाडूवाला काचा पुसत होता. “काका, खालची पाटी नाही वाचली? आज वरून काही दिसणार नाही, पैसे परत मिळणार नाहीत, सगळं लिहिलंय.”

“बारीक लिहिलं असेल.”

“बारीक कसलं? ही एवढाली अक्षरं!” झाडूवाल्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि दोन्ही हात फाकवून दाखवले.

सुतार त्या दोन हातांमधल्या अंतराकडे बघत राहिला. चांगलं दोन फूट भरलं असतं.

मग तो काचेला तळवा लावून उभा राहिला. तळवा दिसत होता, पलीकडे काही नाही. अडलेलं दार असतं तर त्यानं तासून दिलं असतं, खुर्चीचा मोडलेला पाय असता तर सांधला असता. धुक्याला रंधा कुठं लावायचा? लोक आले, हळहळले, पाठोपाठ उतरून गेले. त्याला मात्र पाय उचलवेना.

तो खाली आला तेव्हा ती लिफ्टशेजारच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पावलांवरून तिनं त्याला ओळखलं आणि सरकून जागा केली.

“सांगा.”

“बरं...” तो म्हणाला आणि थांबला. घसा खाकरला. “नदी आहे. रंधा मारल्यावर सालपट निघतं ना लांब, तशी वळत वळत गेलीय.”

“अगंबाई! आणि?”

“पूल आहेत. तीन. मधला जुना, लाकडी असावा. घरं नुसती खुंट्या ठोकल्यासारखी. बस दिसली आपली, कालची. मुंगीएवढी.”

आयुष्यात तो एका दमात एवढं बोलला नव्हता. कपाळावर घाम आला होता.

“आणि एका गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. चादर होती मोठी. वाऱ्यानं सारखी तिच्याच तोंडावर येत होती.”

बायको खुदकन हसली. मग पिशवीच्या बंदाशी चाळा करत हळूच म्हणाली, “एवढ्या धुक्यात कपडे कोण वाळत घालतं हो?”

सुतारानं चमकून तिच्याकडे पाहिलं.

“वरून आलेला एकेक जण धुक्याला शिव्या घालत गेला इथून. ऐकायला येतं मला अजून.”

पाटीचं त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

थोड्या वेळानं तिनं चाचपत त्याचा हात शोधला, आपल्या मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

“थांबू नका,” ती म्हणाली. “चादर कुठल्या रंगाची होती?”