अस्सल माल

सरहद्दीवर पकडलेल्या अफूच्या खटल्यात सरकारी प्रयोगशाळेतल्या बाई साक्षीला उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा त्या सरळच म्हणाल्या, "साहेब, सगळ्या पाकिटांत काळा गूळ आहे. अफू नावालासुद्धा नाही."

सरकारी वकिलांचा चेहरा पडला. आरोपीचा वकील म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. त्याला तर आभाळ ठेंगणं झालं. "दाजी, सुटलात! घरी चला, ताई वाट बघतेय," तो कुजबुजला.

पण दाजींना दरदरून घाम फुटला. इतके दिवस "मला अफूचा वाससुद्धा माहीत नाही" असं छातीठोकपणे सांगत आलेले दाजी पिंजऱ्याचा कठडा धरून ओरडले, "साहेब, या बाई धादांत खोटं बोलतायत! माल अस्सल आहे, मी स्वतःच्या हातांनी भरलाय! मला शिक्षा द्या, आत्ताच्या आत्ता आत टाका!"

मेहुण्यानं कपाळावर हात मारून घेतला. "दाजी, डोकं फिरलंय का तुमचं?"



"हळू बोल! वर्षानुवर्षं हाच माल घेणारी माझी गिऱ्हाइकं मागच्या बाकावर बसली होती. ती बघ, आत्ता उठून दारापाशी जाऊन उभी राहिलीत."