तब्येतीची चौकशी

हल्ली माझ्या तब्येतीची चौकशी फार होते.

दूर उत्तरेकडच्या आमच्या बर्फाळ गावची वीज डिझेलच्या जनरेटरची, आणि डिझेल येणार फक्त हिवाळ्यात, गोठलेल्या तळ्यांवरून ट्रकने. जनरेटरला आता एकही घर जास्तीचं झेपत नाही. एकटं राहणारं म्हातारं माणूस जातं, घर बंद होतं, तेव्हा कुठे एका नव्या घराला तार मिळते. माझ्या नातीचं, टॅबिथाचं, नवं घर दोन वर्षं तसंच अंधारात उभं आहे. ती तीन पोरं घेऊन सासूकडे अकरा माणसांत राहते. मी मात्र एका खाटेच्या खोलीत एकटी, दिव्याखाली.

परवा ती रानहंसाचं सूप घेऊन आली.

"आजी, खोकला कसा आहे?"

"आहे तुझ्या सोयीचा. सूप मला जगवायला आणलंस, की दिवस मोजायला?"

ती हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

ती गेल्यावर मी जनरेटरवाल्या टायटसला फोन केला. "माझी तार काढ बाबा, आणि टॅबिथाच्या घराला जोड. मी तिच्याकडेच राहायला जाते."

"तसं नाही होत, आजी. सुटलेली तार यादीतल्या पहिल्या घराला जाते."

"मग टॅबिथा कितवी?"

"सातवी."

फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं.


एकटी राहणारी म्हातारी माणसं गावात सहाच, मला धरून. एक कमी पडतंय.