रात्रभराची हवा

सुकन्या यायच्या आत पुष्पावतीबाईंनी गॅलरीतले कपडे ओलेच काढून बादलीत कोंबले. देवापुढं उदबत्ती लावली नाही. फोडणीला फाटा देऊन नुसता वरणभात केला. घरातली हवा तपासायला कुणी येतं, हे सावेडीत इतकी वर्षं राहून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण मुलानं, केदारनं, पुण्याहून परस्पर ठरवून टाकलं होतं. आईचा खोकला जात नाही, म्हणजे फ्लॅटच रोगट. हवा खराब निघाली की फ्लॅट विकायचा आणि आईनं पुण्याला त्याच्याकडे राहायचं.

पुष्पावतीबाईंना जायचं नव्हतं. मेले तरी ह्या घरातच मरेन, असं त्यांनी शेजारणीला ठणकावून सांगितलं होतं.

केदारचं बोलणं हल्ली फार गोड झालं होतं, आणि धास्ती त्याचीच होती. त्याचे वडीलही तसेच. आवाज चढलेला परवडायचा. मऊ झाला की बाई स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावायच्या. दिवाळीनंतर केदारची बायको लीना घर सोडून निघून गेली. तो जामखेडला तिच्या माहेरी जाऊन आला, ती तिथं नव्हती. तेव्हापासून आईला रोज फोन. आधी खोकल्याची चौकशी, मग लीनाचं काही कळलं का. बाई नाही म्हणायच्या आणि फोन ठेवून पुसलेला ओटा पुन्हा पुसत बसायच्या.

सुकन्या मोठी चुणचुणीत. हातातलं यंत्र घेऊन ती स्वयंपाकघर, न्हाणीघर, हॉल सगळीकडे हिंडली. गॅस गळत नाही, भिंतींना ओल नाही, धूळही बेताचीच. बाईंचा जीव भांड्यात पडतोय तोच तिनं पिशवीतून दुसरं, साबणाच्या डबीएवढं यंत्र काढलं आणि झोपायच्या खोलीत टेबलावर ठेवलं. हे रात्रभर राहील म्हणाली, केदारदादांनी मुद्दाम सांगितलंय.

"ह्यात फोटो निघतो का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही हो काकू."

"आणि बोलणं? बोललेलं कुणाला ऐकू जातं?"

सुकन्याला हसू आलं. ते नुसती हवा मोजतं, तुम्ही रोज झोपता तशाच झोपा, दारं-खिडक्यासुद्धा नेहमीसारखीच ठेवा, असं तिनं समजावलं. निघताना चप्पल घालता घालता तिनं आणखी एक विचारलं, ह्या खोलीत झोपतं कोण कोण?

"मी एकटीच. दुसरं कोण असणार?" ती जिना उतरून गेल्यावरच बाईंनी शेजारणीच्या दाराची कडी वाजवली.

रात्री डासांच्या भीतीनं खिडकी रोजच्यासारखी घट्ट लावली. पण झोप कसली येतेय! खोकल्याची उबळ आली की बाई उशीत तोंड खुपसायच्या. डबीचा हिरवा दिवा डोळ्यांत सलायला लागला तेव्हा उठून त्यांनी तिच्यावर रुमाल टाकला. मग यंत्राचं काही बिघडलं तर सगळं पहिल्यापासून करायला लावतील, ह्या भीतीनं लगेच काढलाही.

सकाळी सुकन्या यंत्र घेऊन गेली आणि दुपारी तिचा फोन आला. घराची हवा चांगली आहे, खोकल्याचा फ्लॅटशी संबंध नाही, रात्री खिडकी तेवढी किलकिली ठेवत जा. रिपोर्ट दादांना पाठवलाय.

पुष्पावतीबाईंना रडूच फुटलं. घर वाचलं! सुटले बाई एकदाची, असं भिंतीशी बोलत त्यांनी कढई चढवली आणि हिंग-जिऱ्याची चरचरीत फोडणी केली.

संध्याकाळी केदारचा फोन आला. आवाज लोण्यासारखा.

"आई, रिपोर्ट वाचला. फ्लॅट काही विकायला नको."

"मी तेच तर म्हणत होते."

"हो. धूळ नाही, धूर नाही, काही नाही. फक्त झोपायच्या खोलीत रात्रभर दोन माणसांच्या श्वासाची हवा होती म्हणतायत."

बाईंनी हात लांबवून झोपायच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"मी केडगावला पोचलोय आई, अर्ध्या तासात तुझ्या दारात. लीनाला म्हणावं, बॅग भरून ठेव."