बिनपंख्याचा कॉम्प्युटर

सिनेमे आणि गेमसाठी मी दिवाणखान्यात बिनपंख्याचा कॉम्प्युटर जोडला. दुपारी चालू केला, तर श्वासाएवढाही आवाज नाही.

"तुझ्या घोरण्यालाही असलंच काहीतरी बसव," म्हणत माझी बायको नेलिदा नळी खोचलेल्या तुंब्यात, चहासारख्या कडू येर्बाच्या पानांवर गरम पाणी ओतू लागली.

तेवढ्यात तिच्या बाबांच्या रिकाम्या खुर्चीतून नळीने तळ ओढल्याचा सुर्रर्र ऐकू आला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्यांच्या घरघरीत आम्ही तो कधी ऐकलाच नव्हता.

आमच्या साल्तो शहरात एकच तुंबा, एकच नळी सगळ्यांत पाळीपाळीने फिरते, आणि पिणारा 'धन्यवाद' म्हणेपर्यंत त्याच्यासाठी तुंबा भरत राहायचा असतो. बाबा ते न म्हणताच गेले होते.

नेलिदाने भरलेला तुंबा खुर्चीपुढे धरला. "घ्या ना, बाबा."

सुर्रर्र.

मग तिने तो पुन्हा भरून माझ्या हातात दिला. आता पाळी माझी होती. नळीचं टोक ओलं होतं.